खलबत्त्याचं कडं

माझ्या स्वयंपाकघरात पाण्याची पितळी घागर ज्या कड्यावर बसते, ते कडं पाहुण्यांना कोड्यात टाकतं. घागर गोल बुडाची, तिला खाली कडं लागणारच, त्यात नवल नाही. पण या कड्याला सभोवार स्क्रूची भोकं आहेत आणि एका बाजूला कुणी टोकरून काढावा तसा खळगा आहे. "ही भोकं कशाला हो?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "हे मोटरसायकलचं कडं आहे. माझ्या सासूबाईंच्या खलबत्त्याचं केलेलं." मग विचारणारा माझ्याकडे बघून नुसता हसतो. म्हातारीला भ्रम झाला, असं मनात म्हणत असणार. म्हणू दे बापडा.

सकाळचं ऊन तिरपं येऊन घागरीत उतरतं, त्याचा कवडसा छतावर हलायला लागतो. तेवढा वेळ मी कामाची नसते. दूध उतू गेलं तरी कळत नाही. तो कवडसा हलतो आणि मला कालव्याचं पाणी दिसायला लागतं, त्याच्या बांधावरची ओली तांबूस वाट, आणि त्या वाटेवरून माणसाच्या चालीनं चाललेली एक मोटरसायकल. हे सगळं खरंच घडलं की मी पुन्हा पुन्हा आठवून ते रंगवलं, कुणी सांगावं! पण कडं आहे ना समोर. त्याला हात लावला की खात्री पटते.

गोष्ट कुंभकोणमची, एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची. माझं माहेर साक्कोट्टैचं, म्हणजे नदी ओलांडली की आलंच. सासर गावात. आम्ही दोन्हीकडची माणसं तंजावरच्या राजांच्या मागून आलेली आणि इथलीच होऊन राहिलेली. दाराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पुण्याकडचं कुणी आलं तर आमचं बोलणं ऐकून म्हणायचं, अहो, तुम्ही पोथीतून उठून आल्यासारखं बोलता. आम्ही म्हणायचो, तुम्हीच पोथी सोडून लांब गेलात, आम्ही काय करणार?

आमचे हे भांड्यांच्या कारखान्यात लेथवर होते. ओतून आलेली ओबडधोबड भांडी लेथवर चढवायची आणि तासून तासून लखलखीत करायची. ह्यांच्या हाताला तेवढीच सवय. पितळ दिसलं की तासायचं. घरातल्या समईलासुद्धा मी ह्यांच्यापासून जपायची.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, भजनातले गाणारे. गोविंदपुरमला एका स्वामींचं अधिष्ठान, म्हणजे समाधी, आहे, तिथं दर भाद्रपद पौर्णिमेला आमची मंडळी भजन करत चालत जायची. हमरस्त्यानं नव्हे, कालव्याच्या बांधावरून, गात गात. शेवटच्या वळणावर अधिष्ठानाची झाडं दिसायला लागली की बाकी सगळे थांबायचे आणि मामंजी एकटे एक मराठी अभंग सुरू करायचे. तो आमच्या घराचा मान. मामंजींच्या आजोबांपासून चालत आलेला. त्याची चाल दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि येत असती तरी कुणी म्हटला नसता. घरचं माणूस आलं नाही तर ती जागा तशीच गप्प सोडून पुढं जायचं, असा तिथला रिवाज.

मग मुलाला का शिकवला नाही? तर ह्यांना लहानपणी जाळरा, म्हणजे छोटे टाळ, देऊन बसवलं होतं. मामंजींनी थोडा वेळ ऐकलं आणि टाळ हातातून काढून घेतले. म्हणाले, "तुला ताल नाही." बस्स. त्यानंतर बापलेकांचं बोलणं "जेवलास का" आणि "पंचा कुठं आहे" एवढ्यावर आलं. मी सून होऊन आले तेव्हा मला वाटलं भांडण झालंय. सासूबाई म्हणाल्या, "भांडण कसलं? भांडायलासुद्धा बोलावं लागतं."

ह्यांनी युद्धानंतर लष्करानं निकालात काढलेली एक लहान मोटरसायकल कुणाकडून तरी मिळवली होती. मामंजी तिला राक्षसीण म्हणायचे. तिच्या कुशीला पत्र्याच्या झाकणाखाली एक पितळेचं जड चाक होतं, फ्लायव्हील. त्याच्या पोटात लोहचुंबक, त्यातून ठिणगी पडायची. आता पितळेचं चाक ह्यांच्या हाती लागल्यावर काय होणार? उन्हाळ्यात कावेरी कोरडी पडायची, वाळूत गावातली हौशी पोरं शर्यती लावायची. ह्यांनी ते चाक काढलं, कारखान्यात नेलं, लेथवर चढवलं आणि तासलं. निघालेला चुरा भट्टीत गेला. कुंभकोणमच्या कुठल्या तरी नवरीच्या आहेरात आमचं निम्मं फ्लायव्हील गेलंय.

गाडी वाघीण झाली, हे खरं. हँडलची मूठ जराशी पिळली की किंचाळून उठायची. घट्ट वाळूत ह्यांना कुणी गाठू शकलं नाही. पण मऊ वाळू आली की मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं आणि गाडी बसायची गुडघाभर रुतून. आणि हळू तर चालायचीच नाही. मूठ सोडली की बंद. "ताकद वाढली की नाही?" हे मला विचारायचे. मी म्हटलं, "वाढली कुठली! इंजिन काही जास्त जेवत नाही. पूर्वी जपून खात होतं, आता हपापल्यासारखं खातंय." ते हसले. पण पुढं तेच खरं ठरलं.

आषाढात नदीला पाणी आलं आणि मामंजी घाटाच्या पायरीवरून घसरले. मणक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, घरात भिंत धरून फिरा, लांब चालणं विसरा, आणि हादरा बसता कामा नये. भाद्रपद जवळ येत चालला. मंडळातल्यांनी बैलगाडी आणून पाहिली. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा मामंजींना ती सोसली नाही, तोंड पांढरं पडलं. बसनं हमरस्त्यानं या, असंही सुचवलं कुणी. मामंजी म्हणाले, "रस्त्यानं आलेला बघ्या. बांधावरून गात आलो तर म्हणेन. नाहीतर या वर्षापासून आपली जागा गप्प." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवणावरची वासना उडाली त्यांची. ताटात उडदाचं डांगर वाढलं, त्यांच्या आवडीचं, तरी दोन बोटं लावून उठले. मला कळलं की हा माणूस मणक्यानं जाणार नाही, त्या गप्प जागेनं जाईल.

संध्याकाळी हे परसात त्या गाडीकडे बघत बसले होते. मला म्हणाले, "बांध मऊ असतो. दगड नाहीत, गाडीवाट नाही. ही जर माणसाच्या चालीनं चालली तर अप्पांना हादराच बसणार नाही."

"ही? माणसाच्या चालीनं? हिला उभं राहायचं ठाऊक नाही नि चालायचं काय घेऊन बसलात!"

"चाक हलकं केलं म्हणून. जड चाक प्रत्येक ठोक्याची ताकद धरून ठेवतं आणि पुढचा ठोका येईपर्यंत सावकाश देत राहतं. हलकं चाक मिळाली ताकद की उधळून मोकळं."

हे मला लगेच समजलं. जातं जड असलं की एकदा गती आली म्हणजे आपोआप फिरतं, हात नुसता सोबतीला लागतो. हलक्या जात्याला प्रत्येक फेऱ्याला ओढावं लागतं, खांद्यातून कळा येतात. मी म्हटलं, "मग तासलंत ते परत चढवा."

तासलेलं परत चढवायची वेळ ह्यांच्यावर जन्मात कधी आली नव्हती. पण युक्ती सापडली. चाकाला बाहेरून एक कडं बसवायचं. लोखंडाचं चालणार नाही, आतल्या चुंबकात लुडबूड करील. पितळ चुंबकाला लागत नाही. पितळेला कुंभकोणमात काय तोटा, पण सासूबाईंनी पितळ विकत आणू दिलं नाही. फळीवरचा आपला खलबत्ता काढला, चांगला जड, त्यांच्या लग्नातला. बत्ता ठेवून घेतला आणि खल मुलापुढं ठेवला. "ह्यात कुटून कुटून माझा खांदा गेला. आता त्यालाच फिरू दे." मी म्हटलं, "आणि मसाला कशात कुटू?" तर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात. पोकळ आहे."

कडं ओतलं, तासलं, स्क्रूनी चाकावर आवळलं. मग तोल साधायला चाक दोन पोलादी पट्ट्यांवर ठेवून हे ते हलकेच फिरू द्यायचे. जी बाजू दर वेळी खाली येऊन थांबेल ती जड. तिथलं पितळ थोडं टोकरायचं. तो खळगा म्हणजे ह्याच कामाची खूण. कुठंच थांबायचा आग्रह न धरता चाक मनाला येईल तिथं थांबायला लागलं, तेव्हा हे म्हणाले, जमलं.

परीक्षेला कोण? अर्थात मी. भल्या पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर, कारण बांध दिसायला हवा. म्हणजे अख्ख्या गल्लीला मी दिसले. नऊवारीत, गाडीच्या मागच्या सीटवर, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर धरून! हीच ती घागर. हादरा किती बसतो हे सांडलेल्या पाण्यावरून मोजायचं, ही अक्कल ह्यांची. समोरच्या मामी दारात रांगोळी घालायची थांबून बघत राहिल्या. "काय गं, माहेरी निघालीस का पाणी घेऊन?" मी म्हटलं, "हो ना, साक्कोट्टैला पाण्याचा दुष्काळ आहे."

दुष्काळ नव्हताच. मधली अरसलार नदी भरून वाहत होती. बांधावरचं धुकं नुकतं विरलं होतं, दोन्हीकडे नुकतं लावलेलं भात, आणि पाण्यात आभाळ इतकं स्वच्छ उतरलेलं की खाली बघितलं तर आपण उंचावरून चाललोय असं वाटायचं. गाडी खरंच सावकाश चालली. ठक, ठक, ठक, प्रत्येक ठोका मोजता यावा इतकी. घागरीतलं पाणी नुसतं थरथरत होतं. मला झोप येईल असं वाटलं. मी म्हटलं, "अहो, छान चाललीय," आणि तेवढ्यात वळण आलं. ह्यांनी मूठ सोडली. गाडी आपली चाललीच पुढं! जड चाकात साठलेली गती संपेना, आणि गाडी वळायलाही तयार होईना. सरळ बांध उतरून भातात. आधी मी, मग घागर, मग हे. चिखलात बसून मी इतकी हसले की ओरडायचं राहूनच गेलं.

"फार झालं वजन," हे चिखल पुसत म्हणाले.

"तुमचं सगळं असंच. तासाल तर निम्मं, घालाल तर दुप्पट."

मग कडं पुन्हा लेथवर. ह्यांचा हात या वेळी कसा जपून चालला ते मी पाहिलं नाही, ह्यांनीच सांगितलं. एकेक पदर काढायचा, बसवायचं, बांधावर जायचं, यायचं. रोज मी आणि घागर. हळूहळू गल्लीनं बघायचं सोडलं. एके दिवशी वळणावर गाडी आज्ञाधारकपणे वळली, मूठ सोडल्यावर मंदावली, तरी बंद पडली नाही. घरी येईपर्यंत घागरीतला थेंब पदरावर सांडला नव्हता. मी उतरले आणि भरली घागर तशीच नेऊन मामंजींच्या खाटेपाशी ठेवली. त्यांना ठाऊक होतं सगळं, अंगणातलं ऐकत होतेच की. घागरीतल्या पाण्यात त्यांनी बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, "राक्षसिणीवर बसायला धोतर कसं नेसायचं, विचार त्याला."

मुलाला विचारायचं, तेसुद्धा माझ्यामार्फत!

पौर्णिमेच्या सकाळी मंडळी दारात आली. मामंजींना उचलून सीटवर बसवलं, खाली घडी घातलेली गादी, आणि उपरण्यानं त्यांना ह्यांच्या कमरेशी बांधून टाकलं. एका हातानं त्यांनी सीटची कडी धरायची होती, म्हणून टाळ घेता येणार नव्हते. तेवढंच त्यांना लागलं. रिकामा हात मांडीवर कसा ठेवावा हे त्यांना कळेना. वरून ऊन लागू नये म्हणून सासूबाईंनी त्यांच्या खांद्यांवरून पांढरी शाल पांघरली. तिच्या पुढं आलेल्या टोकांखाली ह्यांचा स्वच्छ पांढरा सदराही झाकून गेला.

पुढं गाडी, मागं पुरुषमंडळी गात, आणि सगळ्यांत मागं आम्ही बायका. मला लांबून फक्त शाल दिसायची, हलत चाललेली. त्या दिवशी वारा नव्हता. कालव्याचं पाणी आमच्या बरोबरीनं चाललं होतं, मृदंग आणि इंजिन यांचा आवाज कधी वेगळा यायचा, कधी एक व्हायचा. एरवी मंडळी उन्हाच्या भीतीनं शेवटी शेवटी पळायची, गाणंही पळायचं. त्या दिवशी गाडी पुढं होती, तिला ओलांडून कुणाला जाता येईना. सगळं भजन तिच्या चालीनं चाललं. मला तर वाटायला लागलं की आपण पोचूच नये.

वाटेतल्या गावांत लोक थांबवायचे, ताक द्यायचे, उन्हाचा ताप शमावा म्हणून गाणाऱ्यांच्या तळहातांना, मामंजींच्या मोकळ्या हातालाही, चंदन चोळायचे. गाडीही तेवढ्यात गार व्हायची. प्रत्येक थांब्याला हे वाकून पत्र्याच्या झाकणाला हात लावून बघत होते. कपाळाला आठ्या. मी ताक घेऊन गेले तर कुजबुजले, "कडं सैल झालंय."

"कशावरून?"

"ठोका येतोय. पाठीत जाणवतोय मला. आधी नव्हता, निघाल्यावर सुरू झाला. अप्पांना सांगू नकोस."

झाकण उघडून बघायला वेळ नव्हता. आणि बघून काय करणार होते, लेथ थोडीच होती बांधावर? कडं सुटलं तर गाडी बंद, गाडी बंद तर मामंजी बांधावरच, आणि जागा गप्प. पुढची वाट मी पांडुरंगाला विनवत चालले. ह्यांची मान मला मागून दिसत होती, ताठ, एका बाजूला जराशी कललेली, आवाज ऐकणारी. जिवाच्या करारावर मूठ स्थिर धरून हे त्या ठोक्याबरोबर चालले होते, ठोका चुकू नये म्हणून.

शेवटचं वळण आलं. झाडं दिसली. मंडळी थांबली, मृदंग थांबला. गाडी तेवढी चालू, अगदी मंद. आणि त्या ठक ठकवर मामंजींनी अभंग उचलला. मी तो तीन-चार वर्षं ऐकत आले होते, पण इतका संथ कधी ऐकला नव्हता. प्रत्येक शब्दाला बसायला जागा होती. त्यांचा आवाज कुठं कापला नाही. समोर अधिष्ठानाच्या दाराशी लोक उभे होते ते हात जोडून वाट सोडायला लागले. मी रडत होते, त्याची लाजही वाटली नाही. आमची जागा गप्प राहिली नव्हती.

दारात ह्यांनी गाडी बंद केली. चाक आपल्या गतीनं आणखी थोडं फिरून थांबलं. मामंजी तोवर उतरले नाहीत. उपरणं सोडलं, चौघांनी उचलून त्यांना आत नेलं. जाताना मुलाशी ते एक शब्दही बोलले नाहीत. हे मात्र लगेच मांडी ठोकून जमिनीवर बसले, पाना काढला आणि झाकण उघडलं. मी शेजारी उभी. एकेक स्क्रू ह्यांनी तपासला, चाक हातानं फिरवून पाहिलं. सगळं घट्ट. कुठं इतकंसं हलत नव्हतं.

"ठोका होता," हे म्हणत राहिले. "अख्खी वाट होता. बारीक, एकसारखा. मी त्याच्यावरच तर वेग धरला होता."

ते पुढं वाकले होते. आता वर शाल नव्हती. मला त्यांची पाठ दिसली, आणि मी वाकून सदऱ्याला बोट लावलं.

"काय झालं गं?"

"सदरा काढा," मी म्हटलं.

"इथं? चारचौघांत?"

"काढा म्हणते ना."

त्यांनी काढला. मी तो त्यांच्यासमोर उलगडून धरला. पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, चंदनाचा पंजा उमटला होता. एकावर एक, एकावर एक, इतक्या वेळा की मधलं कापड वाळून कडक झालं होतं.

ह्यांनी त्यावर हात ठेवला. हात तंतोतंत बसला. आत मृदंग पुन्हा सुरू झाला होता, आणि हे तिथंच मांडी घालून, उघड्या अंगानं, तो ठोका सदऱ्यावर हळूहळू वाजवत बसले.